दोन बोटं उघडी काच

गाडी विकत घ्यायला गेलेला माणूस काय बघतो? इंजिन बघतो, टायर बघतो, आणि काही कळत नसलं तरी बॉनेटमध्ये डोकं घालून 'हं' म्हणतो. कुलूपवाले मात्र गेले ते थेट दाराशी. ड्रायव्हरशेजारचं दार त्यांनी उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. इतक्यांदा, की विकणाऱ्याला वाटलं, हे गृहस्थ गाडी घ्यायला आलेत की दारवानाची नोकरी मागायला?

पण दार होतंच तसं. नुसतं अलगद टेकवायचं, की शेवटचं बोटभर अंतर ते आपलं आपण आत ओढून घ्यायचं. टुक्! बस्स, एवढाच आवाज. सगळं आयुष्य कुलपं, कड्या आणि बिजागऱ्यांत घालवलेला माणूस तो. त्यांचा जीवच जडला त्या दारावर.

"बाकीची गाडी नाही बघायची?" विकणाऱ्यानं विचारलं.

"बघितली की," कुलूपवाले म्हणाले आणि पुन्हा दार लावलं.

आता बाकीची गाडी म्हणाल, तर एके काळी कुण्या बड्या साहेबाची होती. लांबलचक, गर्द निळी, आत चामड्याच्या सीटा. दोन मालक करून तिसऱ्याकडे येईपर्यंत तिचा तोरा जरा उतरला होता, आणि पुढच्या काचेला, खाली वायपरच्या कोपऱ्यात, वीतभर भेग होती. ती होती म्हणूनच तर ही महाराणी कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या दारात उभी राहिली. नाहीतर तिनं यांच्याकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नसतं.

घरी आणल्यावर बायको खाली आली. गाडीभोवती एक फेरी मारली आणि नेमकी भेगेपाशी थांबली.

"अहो, फुटक्या काचेची गाडी कोण घेतं?"

"काचेचं सोड गं. दार बघ, दार!"

बायकोनं दार बघितलं. म्हणजे उघडलं, ऐसपैस आत बसली, आणि सवयीनं असं काही ओढलं, की धाड्! समोरच्या झाडावरचे पक्षी उडाले.

"चांगलं आहे की," ती आतून म्हणाली. कुलूपवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

तिचा तरी काय दोष? घरादाराला ही सवय म्हातारीनं लावली होती. म्हातारी म्हणजे त्यांची आधीची गाडी. तिचं ड्रायव्हरशेजारचं दार हळू लावलं तर लागायचंच नाही. उघडायचं, दम घ्यायचा आणि सगळ्या ताकदीनं हाणायचं. पहिल्या फटक्याला दाद देईलच याचीही खात्री नाही. गावभरची कुलपं चुटकीसरशी उघडणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीचं दार लावता येत नाही, यावरून बायकोनं त्यांना किती सुनावलं असेल याला काही गणतीच नाही. एकदा चिडून त्यांनी ते खोललंही होतं. अख्खा रविवार त्यात घालवला. संध्याकाळी दार लागलं ते असं लागलं, की आतून उघडेना आणि बाहेरूनही उघडेना. त्यानंतर त्यांनी त्याला हात लावला नाही आणि बायकोनंही तो विषय काढला नाही. म्हणजे फार वेळा काढला नाही.

पुढे पुढे त्या आवाजाचा घरात नियमच होऊन बसला. धाड् झालं, की माणूस बसला किंवा उतरला, गाडी सोडायची. वळून बघायचं काही कारण नाही. एकदा काय झालं, मुलगी कॉलेजला जायला गाडीत बसली, पिशवी राहिली म्हणून परत उतरली आणि दार हाणून घरात पळाली. कुलूपवाल्यांनी धाड् ऐकलं आणि गाडी सोडली. दोन सिग्नल जाईपर्यंत ते रिकाम्या सीटला जबाबदारी म्हणजे काय ते समजावून सांगत होते.

आणि ताई गेली तीही याच दारातून.

ताई म्हणजे कुलूपवाल्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून यांना हिनंच वाढवलं. डबा भरून दिला तो हिनं, कान पिळला तोही हिनंच. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तरी तिच्या लेखी हे छोट्याच राहिले. यांचे केस पांढरे झाले, मग गळले, तरी छोट्या. तिचे यजमान गेले त्यानंतर ती काही दिवस भावाकडे राहायला आली होती. परत निघाली त्या दिवशी स्टेशनच्या वाटेवर यांनी विषय काढला.

"ताई, आता परत जाऊच नकोस. इथंच राहा."

"मला माझं घर आहे रे."

"मग हे काय परक्याचं आहे?"

"हे तुझं आहे, छोट्या."

सरळ बोलणं होतं, पण यांना ते झोंबलं. मग शब्दाला शब्द वाढला. शेवटी हे म्हणाले, "कर मग तुला काय करायचं ते!" आणि स्टेशन आलं. ताईनं पिशवी उचलली, उतरली आणि दार लावलं. धाड्! आणि लगेच पुन्हा, धाड्!

एकदा नाही, दोनदा. एक धाड् कुलूपवाल्यांनी पोटात घातलं असतं. म्हातारीचं दार हाणावंच लागतं, कबूल. पण दुसरं कशासाठी? दुसरं आपल्यासाठीच होतं, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. गाडी गिअरमध्ये टाकली आणि निघाले.

तेव्हापासून अबोला. भांडण नाही, काही नाही, नुसता अबोला. ताईचा 'पोचले' असा फोन आला तो बायकोला. सणकी दोघंही. हे म्हणायचे, "तिला विचार, तब्येत कशी आहे." ती म्हणायची, "त्याला सांग, कमी खा." बायको मधल्या मधे टपालखातं चालवत होती. होता होता तीनेक वर्षं गेली. इतक्या दिवसांत कुलूपवाल्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, पण कुठेही दार आपटलं, दुकानाचं असो की शेजारच्यांचं, की त्यांच्या छातीत बारीकसं काहीतरी हलायचं. आता कळलं ना, गाडी घ्यायला गेल्यावर ते दार का बघत बसले होते? ज्या गाडीचं दार आपटताच येत नाही, तिच्यातून कुणी रागानं उतरून जाणार कसं?

बिचाऱ्यांचा हा हिशेब घरच्यांनी आठवड्याभरात मोडीत काढला. दार आपटायची गरज नसली म्हणून काय झालं, आपटता येत होतंच. बायको भाजी घेऊन आली, धाड्! मुलगी मैत्रिणींना घेऊन आली, धाड्, धाड्, धाड्! आणि दर धाड्ला पुढच्या काचेवरची भेग एकेक पाऊल पुढे सरकत होती. वीतभर होती ती हातभर झाली. वायपरच्या कोपऱ्यातून निघून वाकडीतिकडी चढत ती ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या बरोब्बर समोर येऊन पोचली.

त्यातच एके दिवशी जेवताना बायको सहज बोलल्यासारखं बोलली, "ताई येताहेत शनिवारी. गुडघ्याचं ऑपरेशन छान झालंय, आता चालतात. मीच म्हटलं, चार दिवस या. सकाळची गाडी आहे. तुम्ही जा आणायला."

कुलूपवाल्यांचा घास हातातच राहिला. "मी?"

"मग काय मी जाऊ? मला चालवता येते का तुमची महाराणी?"

"ती काही म्हणाली का?"

"म्हणाल्या, येईल का तो?" बायकोनं त्यांच्याकडे न बघता वाढलं. "मी म्हटलं, येतील."

त्या क्षणापासून कुलूपवाल्यांना दुसरं काही सुचेना. खाली जाऊन ते गाडीत ड्रायव्हरशेजारी बसले. डोळ्यांसमोर भेग. इतक्या दिवसांनी बहीण येणार आणि तिला फुटक्या काचेपुढे बसवायचं? छे! आणि या वेळी काही बिघडलं, तर पुन्हा जुळायला दोघांकडे वर्षं तरी किती उरलीत? हा विचार त्यांनी झटकला, पण तो काही गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते काचवाल्याकडे गेले.

काचवाला म्हणजे काय वर्णावं! टायरच्या दुकानामागे पत्र्याची मोठी शेड, भिंतींना टेकवून ठेवलेल्या काचा, आणि त्यांच्यामध्ये उभा राहून अखंड बोलणारा हा माणूस. काच बसवणं हा त्याचा धंदा होता, पण बोलणं ही आवड होती.

"अहो, ही गाडी? हिच्या काचा मी डोळे झाकून बसवतो!"

"उघडे ठेवून बसवा," कुलूपवाले म्हणाले. "शनिवारी सकाळी मला हवीय."

"शनिवार? गुरुवारीच घेऊन जा!"

गुरुवारी काच आली आणि ती चुकीची निघाली. झालं असं, की या गाडीला आरशाच्या मागे, काचेला आतून चिकटवलेला एक डोळा असतो. काचेवर पाणी पडलं की त्याला समजतं आणि वायपर आपोआप चालू होतात. डोळे झाकून मागवलेल्या काचेत त्या डोळ्याला जागाच नव्हती. काचवाला पहिल्यांदाच गप्प झाला. पण ते कितीसा वेळ टिकणार? लगेच म्हणाला, "कंपनीनं पाठवतानाच घोळ घातला हो." मग फोन झाले, आरडाओरडा झाला, आणि बरोबर काच यायला शुक्रवारची दुपार उजाडली. कुलूपवाले दुकान बंद करून येऊन बसले ते हललेच नाहीत.

पण खोटं कशाला बोला, हात होता माणसाला. आधी त्यानं बॉनेटवर आणि सीटांवर जुन्या चादरी अंथरल्या. कडेची पट्टी काढली. मग एक बारीक तार चिकटवणाच्या थरातून ओवली आणि करवतीसारखी ओढत ओढत काचेच्या चारी बाजूंनी फिरवली. ते जुनं, काळं, रबरासारखं चिकटवण चरचर कापलं जात होतं. कुलूपवाल्यांना बघायला मजा वाटत होती. कुठलीही वस्तू तिच्या जागेवरून न मोडता निघाली, की त्यांना बरं वाटायचं.

नवी काच उचलायला दोन माणसं लागतात, आणि काचवाल्याचा जोडीदार कंबर धरून घरी बसला होता.

"धराल का तुम्ही?"

"धरीन की."

रबराच्या मोठ्या वाट्या काचेला चिकटवलेल्या होत्या, त्यांना मुठी होत्या. एका बाजूनं हा, दुसऱ्या बाजूनं ते. चौकटीला काळ्या चिकटवणाची जाड रेघ ओढून तयार होती. एकदा काच टेकली की टेकली, पुन्हा सरकवणं नाही.

"आणा पुढे... सावकाश... तुमची बाजू जरा वर. आता खाली... खाली... थांबा!"

"काय झालं?"

"शिंक येतेय."

काच चिकटवणाच्या वर वीतभर अंतरावर. काचवाल्याचे डोळे मिटलेले, नाक आकाशाकडे. कुलूपवाल्यांनी आपली मूठ आणखी घट्ट आवळली. "अहो, काही करा पण शिंकू नका!" बराच वेळ सगळं जग त्या नाकावर अडून राहिलं. मग काचवाल्यानं हळूच डोळे उघडले. "गेली," तो म्हणाला, आणि काच अशी बेमालूम जागेवर टेकली, की कुलूपवाल्यांनी मनातल्या मनात त्याची सगळी बडबड माफ करून टाकली.

कडांना निळ्या पट्ट्या लावून झाल्यावर काचवाला हात पुसत म्हणाला, "आता नीट ऐका. चिकटवण आतून ओलं आहे अजून. घरी हळू न्या, रात्रभर मुरू द्या. आणि उद्याचा दिवस दार आपटायचं नाही."

"का?"

"सगळ्या काचा लावलेल्या आणि दार आपटलं, तर आतली हवा जाईल कुठे? पुढच्या काचेलाच धक्का देणार. ओली असताना ती जागची हलली, की कामातून गेली. म्हणून बाजूची एक काच दोन बोटं उघडी ठेवा. कुणी आपटलंच, तर हवेला जायला वाट हवी."

"या गाडीचं दार आपटायची गरजच नाही," कुलूपवाले जरा अभिमानानं म्हणाले.

"गरज कुणाला असते हो? लोक आपटतात," काचवाला म्हणाला.

संध्याकाळी गाडी घरासमोर उभी केली, मागच्या दाराची काच दोन बोटं खाली घेतली, आणि कुलूपवाले खुर्ची टाकून शेजारी पहाऱ्याला बसले. बायकोला ताकीद दिली, की गाडीच्या आसपास फिरकायचं नाही. शेजाऱ्यांनाही सांगून झालं. पण मुलगी कामावरून आली ती कानाला फोन लावूनच आली. सकाळी चार्जर गाडीत राहिला होता म्हणून तिनं दार उघडलं, चार्जर घेतला आणि हात उचलला. कुलूपवाले खुर्चीवरून असे उठले, की वयाला शोभेना. दार आणि चौकट यांच्यामध्ये त्यांनी सरळ स्वतःची मांडी घातली.

"बाबा! चेंगरशील ना!"

"चेंगरू दे. काच हलता कामा नये."

मुलीनं फोन खाली घेतला. "आत्यासाठी एवढं चाललंय?"

"काचेसाठी," मांडी चोळत ते म्हणाले.

"हो का!" मुलगी म्हणाली, आणि जाताना तिनं त्यांच्या टकलावर हलकेच टिचकी मारली.

सकाळी ते वेळेच्या कितीतरी आधी निघाले. दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा, काचेला निळ्या पट्ट्या तशाच. दोन बोटांच्या फटीतून गार वारा मानेवर येत होता, पण ती काच लावायची त्यांची छाती झाली नाही. वाटेत सगळी उजळणी झाली. ताई येईल. आपण पुढे होऊन दार उघडायचं. ती नीट बसली, की आपणच दार टेकवायचं. टुक्! एवढं झालं, की पुढचं आपोआप होईल.

स्टेशनबाहेर ताई दिसली आणि उजळणीतलं निम्मं तिथंच सांडलं; गाडी बंद करायचीही राहिली. हातात काठी होती. खांदे बारीक झाले होते. चष्मा मात्र तोच, नाकावरून घसरणारा. यांना वाटलं, पळत जावं आणि लहानपणी धरायचो तसा तिचा हात धरावा. गेले, आणि हातातली पिशवी धरली.

"टक्कल पडलं की रे पुरतं," ताई म्हणाली.

"तू बारीक झालीस."

"बारीक कसली, म्हातारी झाले. ही कुणाची गाडी?"

"आपलीच."

ताईनं गाडीकडे नखशिखांत बघितलं. "आणि कपाळाला पट्ट्या कसल्या? पडली की काय ही?"

"नवी काच बसवलीय. कालच. तू थांब हं, मी पिशवी ठेवून येतो, मग दार मी..."

पण थांबेल ती ताई कसली? कुलूपवाले डिकीशी पोचतात न पोचतात, तोच मागून आवाज आला.

धाड्!

 पिशवी तिथंच टाकून ते पुढे धावले. वाकून काचेची एक कड बघितली, दुसरी बघितली, पट्ट्यांवरून बोट फिरवलं. काच जागच्या जागी होती. पण तेवढ्यात, वर स्वच्छ ऊन पडलेलं असताना, दोन्ही वायपर उठले आणि कोरड्या काचेवर कर्र कर्र करत फिरायला लागले.

काचेआडून ताई म्हणाली, "अरे, पाऊस नाही, काही नाही, हे काय चाललंय?"

कुलूपवाल्यांचा तोल गेला. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून ते आत बसले आणि इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. "इतक्या वर्षांनी आलीस आणि आल्या आल्या पुन्हा दार आपटलंस? एवढा राग आहे अजून?"

"राग? कसला राग?"

"मग दार का आपटलंस?"

"का म्हणजे? तुझ्या गाडीचं दार न आपटता कधी लागलंय?"

कर्र कर्र, वायपर चालूच होते.  मग अगदी हळू आवाजात कुलूपवाल्यांनी विचारलं, "आणि त्या दिवशी? दोनदा आपटलंस ते?"

"कुठल्या दिवशी?"

"गेलीस त्या दिवशी. इथंच. धाड् आणि पुन्हा धाड्."

ताईला आठवायला थोडा वेळ लागला. 

"अरे, पहिल्यांदा लागलंच नव्हतं ते!" ताई म्हणाली. "उघड्या दारानं गेला असतास आणि कुठे धडकला असतास, म्हणून परत हाणलं. आणि तू..." ती थांबली. चष्म्यावरून तिनं भावाला निरखलं. "छोट्या, तू त्या दारावरून धरून बसलास? इतकी वर्षं?"

"मला वाटलं, तोडून गेलीस मला."

"वेडा आहेस का रे? राग होता मला, नव्हता असं नाही. पण राग आला की मी बोलते. दारं कशाला आपटू? तुला वाढवताना कधी दार आपटलं होतं? कान पिळला होता सरळ." तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. "दार लावलं आणि मी हात करायला वळले. तर तू गेलेला. माझा हात वरच. बाजूला सगळे आपापल्या माणसांना हात करताहेत. मग मी त्याच हातानं चष्मा सारखा केला, म्हणजे कुणाला काही वाटायला नको."

कुलूपवाल्यांचे डोळे भरून आले ते लपवायला त्यांनी वायपर बंद करायचा दांडा ओढला. तो नेमका चुकीच्या बाजूला ओढला गेला आणि काचेवर खालून पाण्याच्या दोन पिचकाऱ्या उडाल्या. वायपरना एकदाचं काम मिळालं. ताई आधी दचकली, मग हसायला लागली; आणि एकदा हसायला लागली की तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. तिचं बघून हेही हसायला लागले. हसता हसता दोघांनी डोळे पुसले आणि कशामुळे पुसले ते एकमेकांना विचारलं नाही.

"आणि तुझ्याच्यानं एक दार दुरुस्त होऊ नये," ताई पदर सावरावा तसा आवाज सावरत म्हणाली. "कुलूपवाला म्हणे!"

हसू ओसरल्यावर कुलूपवाल्यांनी काचवाल्याला फोन लावला.

"दार आपटलं ना?" तिकडून पहिला प्रश्न हाच.

"आपटलं."

"बाजूची काच उघडी होती?"

"दोन बोटं."

"मग काच ठणठणीत आहे, चिंता सोडा. आतला डोळा जरा सुटला असेल, त्याला पाऊस वाटतोय. सवडीनं घेऊन या, चिकटवून देतो. आणि ती शिंक आठवतेय का तुम्हाला..."

कुलूपवाल्यांनी फोन ठेवून दिला. दांडा या वेळी बरोबर बाजूला गेला आणि वायपर आडवे झाले. घरी जाताना त्यांनी गाडी सायकलच्या वेगानं चालवली. मागून हॉर्न वाजत होते ते वाजू दिले. ताई नव्या काचेतून सगळं बघत होती आणि हे दुकान कधी झालं, ते झाड कुठे गेलं, विचारत होती. चार दिवसांसाठीच आलीय, हे तिनं वाटेतच सांगून टाकलं. आपल्या घरी तिनं कुंड्या लावल्या होत्या, शेजारणीवर त्या टाकून आली होती. "बरं," कुलूपवाले म्हणाले. त्यांनाही नवल वाटलं, की त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

घरासमोर बायको आणि मुलगी वाट बघत उभ्या होत्या. गाडी थांबली. ताई काठी टेकत उतरली आणि सवयीनं हात मागे नेला.

"ताई, नुसतं टेकव. एका बोटानं."

ताईनं अविश्वासानं एक बोट लावलं. दार सरकलं, शेवटचं अंतर आपलं आपण आत गेलं. टुक्! ताईनं ते पुन्हा उघडलं, पुन्हा बोट लावलं. टुक्!

मागच्या काचेच्या उघड्या फटीपाशी वाकून ती म्हणाली, "छान आहे रे. पण याला आवाजच नाही. मी उतरले, दार लागलं, हे तुला कळणार कसं? तू निघणार कधी?"

"तू हात केल्यावर," कुलूपवाले म्हणाले.

ताई मग दोन पावलं मागे गेली आणि तिनं हात केला. चांगला डोक्यावर उंच, फलाटावर करतात तसा. कुलूपवाल्यांनी नव्या काचेतून तो बघितला आणि त्यांनीही हात केला.

"अहो, आता कुठे निघालात?" बायको ओरडली. "घरीच आलात ना?"